आकृती चारमधला हात

"सही करायला हात झिजतो का तुझा?" नरहररावांनी तिसऱ्यांदा विचारलं आणि तिसऱ्यांदा पेनाचं टोपण काढून पेन बायकोच्या पुढ्यात ठेवलं.

"हात नाही झिजत. वाचून राह्यले मी. वाचू द्या," रमाबाई म्हणाल्या.

"त्यात वाचण्यासारखं काय आहे? दादानं लिहिलंय. चाळीस वर्षं कोर्टात काढलेल्या माणसाचं लिखाण तू तपासणार?"

"छत्तीस," खिडकीजवळच्या खुर्चीतून वामनराव म्हणाले. वामनराव हे नरहररावांचे थोरले भाऊ. बायको गेल्यापासून ते धाकट्याकडेच राहत. कोर्टातून नाझर म्हणून निवृत्त झाले होते आणि घरातल्या प्रत्येकाच्या बोलण्यात दुरुस्ती सुचवत. भांडणात मात्र पडत नसत. दुरुस्ती म्हणजे भांडण नव्हे, असं त्यांचं मत होतं.

रमाबाईंनी चष्मा पदराला पुसला आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. स्टँपपेपरवर टाईप केलेलं होतं : 'मी, सौ. रमाबाई भ्र. नरहर परतूरकर, वय ४९ वर्षे, धंदा घरकाम, रा. नवीन जालना, शपथेवर लिहून देते की, मी गेली पंचवीस वर्षे शोभेच्या वस्तू बनवीत असून सदर कामात निष्णात आहे. असे असूनही टाकाऊ प्लास्टिकपासून कमळ बनविण्याची सदर पद्धत मला कधीही सुचली नाही व सुचणे शक्यही नव्हते. ती सर्वस्वी माझे पती यांच्या बुद्धीतून निघालेली आहे.'

"'सुचणे शक्यही नव्हते'," रमाबाईंनी मोठ्यानं वाचलं. "भावजी, हे 'शक्यही' तुम्ही घातलं?"

"जोर यावा म्हणून."

"आला की. बराबर आला."

पलंगावर बी.एस्सी.चं पुस्तक घेऊन बसलेल्या नीलानं, त्यांच्या मुलीनं, पान उलटलं. गेल्या अर्ध्या तासातलं ते पहिलंच पान होतं आणि तेही उलट्या दिशेनं.

ज्या कमळावरून हे सगळं चाललं होतं ते टीव्हीवर क्रोशाच्या रुमालावर निवांत बसलेलं होतं. पांढऱ्या चकचकीत पाकळ्या, कडेला हिरवी रेघ. जवळ जाऊन पाहिलं तर एका पाकळीवर 'संकरित' आणि दुसरीवर 'खाण्यास अयोग्य' अशी अक्षरं दिसत. ते बियाण्याच्या पिशव्यांचं कमळ होतं.

रमाबाईंचं माहेर जांब समर्थचं. रामनवमीच्या उत्सवात मंडपाची आरास त्यांच्या आईकडे असे, आणि आरास करायला हाताशी काय असे तर गेल्या वर्षीची आरास. त्यामुळे टाकून द्यायचं म्हणून काही असतं हे त्या घराला ठाऊकच नव्हतं. एकाहत्तर साली लग्न होऊन रमाबाई जालन्याला आल्या तेव्हा ही खोड सोबत आली. नरहरराव तेव्हा नुकतेच एका बियाणं कंपनीत, माल रवाना करण्याच्या खात्यात लागले होते. खोक्यांवर गावाचं आणि दुकानदाराचं नाव घालायचं, ट्रक भरून द्यायचा, हे काम. आजतागायत तेच.

एक्याऐंशीच्या सुमाराला घरात प्लास्टिक यायला लागलं. रमाबाईंच्या हाताला ते लगेच सापडलं. शेजारच्या कंपाउंडरनं आणलेल्या सलाईनच्या नळ्यांचे मासे झाले, दुधाच्या पिशव्यांची तोरणं झाली, शांपूच्या बाटल्यांचे पोपट झाले. जालन्यात तेव्हा असा एकही दिवाणखाना नव्हता जिथे सलाईनचा मासा टांगलेला नव्हता; ज्याचं सलाईन होतं तो बरा झाला की नाही, हे मात्र माशाला कोणी विचारत नसे. नरहररावांच्या मते घरात दोन प्रकारचा केर होता : एक रोज सकाळी बाहेर जाणारा आणि एक बायकोनं आत आणलेला. "घर आहे का भंगारवाल्याचं दुकान?" हे वाक्य ते आठवड्यातून दोनदा म्हणत. मंगळवारी आणि शनिवारी. त्या दिवशी त्यांना उपास असे.

चुकीची छपाई झालेल्या बियाण्याच्या पिशव्या कंपनीतून गठ्ठ्यानं टाकल्या जात. त्यांतल्या काही नरहररावांनी डब्यांखाली घालायला म्हणून आणल्या. त्र्याण्णव साली एका सकाळी रमाबाई भाकरी करत होत्या आणि तव्यावरचं उलथनं त्यांनी चुकून स्वयंपाकाच्या ओट्यावर पसरलेल्या पिशवीवर टेकवलं. वास सुटला. त्यांनी उलथनं उचललं, तर पिशवीची कड आत वळून पाकळीसारखी उभी राहिली होती. रमाबाईंनी खिडकी उघडली, तव्यावरची भाकरी उतरवली, आणि उलथनं पुन्हा तापवून दुसऱ्या पिशवीवर टेकवलं. पहिली चूक झाली होती. दुसरी त्यांनी मुद्दाम केली. पुढे जे कागद तयार झाले त्यांत या दोहोंपैकी एकही नव्हती.

पाकळ्या जुळायला मात्र आठ दिवस लागले. सुईनं चिरायच्या, डिंकानं सुटायच्या. शेवटी पाकळी गरम असतानाच दोन कडा अंगठा आणि बोटात धरून करंजीला घालतात तशी मुरड घातली, आणि ती बसली. वेळ फार थोडा मिळतो. पाकळी उलथन्यावरून निघाल्यापासून हाताला लागेपर्यंत जेवढा, तेवढाच. ज्या बोटांनी तीस वर्षं तव्यावरची भाकरी उलटली आहे त्यांना तो पुरतो.

पहिली अकरा कमळं गेली गोजरबाईच्या मुलीच्या रुखवतात. गोजरबाई शहागडकडच्या शेतकरी घरातली. नवऱ्याबरोबर जालन्यात येऊन म्हशी पाळल्या होत्या आणि परतूरकरांकडे दूध घालत असे. मुलगी बेबीनंदा शहागडलाच दिली. मुलीकडच्यांनी रुखवतात मांडलेल्या प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी लावायची असते. तशी कमळांच्या परातीवरही लागली : 'कु. बेबीनंदा हिने स्वहस्ते बनविले.' बेबीनंदाला तेव्हा सुईत दोरा ओवता येत नव्हता. पण रुखवतावरची चिठ्ठी ही काही खरं बोलायची जागा नव्हे, हे वऱ्हाडालाही माहीत असतं. रमाबाईंना त्यात वावगं वाटलं नाही. लग्नाच्या दिवशी एखाद्या मुलीच्या नावावर अकरा कमळं चढली तर आपलं काय जातं?

गंमत अशी की बेबीनंदाच्या सासूनं चिठ्ठी खरी धरली. लग्नानंतर महिन्याभरात तिनं सुनेला सांगितलं, "गौरीला कमळं कर, तुला येतंय की." बेबीनंदा रडत जालन्याला आली, आठ दिवस रमाबाईंच्या दारापुढच्या ओट्यावर बसली, पाचही बोटं पोळून घेतली आणि शिकून गेली. खोटी लावलेली चिठ्ठी खरी करून दाखवावी लागलेली ती जिल्ह्यातली पहिलीच नवरी असावी.

तिच्यामागून बाकीच्या आल्या. दुपारी तीनला ओट्यावर चटई पडायची. गोजरबाई दूध घालून झालं की यायची, समोरच्या उषाबाई यायच्या, आणखी दोघी-तिघी. शेगडी, तवा, पिशव्यांचा ढीग आणि मधोमध रमाबाई. कोणाच्या सुनेनं काय केलं ते पाकळ्यांबरोबर मुरडलं जायचं. परतूरपासून अंबडपर्यंत चौदा लग्नांत कमळं गेली, चौदा नवरींनी ती 'स्वहस्ते' बनवली. रमाबाईंचं नाव एकाही चिठ्ठीवर नव्हतं आणि तीन ते पाच या दोन तासांत त्या जेवढ्या हसत तेवढ्या उरलेल्या बावीस तासांत हसत नसत.

मग सत्त्याण्णव साल आलं आणि हळद पेपरात आली. अमेरिकेत कोणी हळदीचं पेटंट घेतलं होतं आणि ते रद्द झालं, कारण हळद जखमेवर लावतात हे आपल्या आज्यांना आधीपासून माहीत होतं. सगळा देश आज्यांवर खूश झाला. नरहररावांनी मात्र त्यातून वेगळाच बोध घेतला. ते म्हणाले, "चूक आज्यांची आहे. त्यांनी वेळेवर अर्ज करायला पाहिजे होता."

त्या दिवसांत कंपनीत मोठ्या साहेबांच्या तोंडी पेटंट हाच शब्द होता. नरहरराव त्यांची खोकी बांधता बांधता ऐकत असत. एका संध्याकाळी चहा पिताना त्यांची नजर टीव्हीवर गेली.

"हे कमळ कुठून आलं?"

"चार वर्षं झाली तिथंच आहे ते," रमाबाई म्हणाल्या. "मागच्या महिन्यात तुम्हीच त्याच्यावर टोपी ठेवली होती."

"हे जगात दुसऱ्या कुठं नसेल," नरहरराव कपाळाला हात लावून म्हणाले, आणि 'घर आहे का भंगारवाल्याचं दुकान' हे वाक्य त्या मंगळवारपासून बंद झालं.

औरंगाबादला पेटंटची कामं करणारा एक वकील होता. त्यानं फॉर्म दिला. फॉर्मात एक रकाना होता, 'खरा व पहिला संशोधक'. नरहररावांनी तिथे आपलं नाव लिहिलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट.

"माझं नाव कुठंय त्यात?" रमाबाईंनी विचारलं होतं. भांडायला नव्हे, नुसतंच.

"घरातल्या कर्त्याचं लागतं. लाइटबिल कोणाच्या नावानं येतं? नळाची पट्टी?"

"बत्ती मी लावते म्हणून बिल माझ्या नावानं येत नाही, हे खरंय."

"तेच तर म्हणून राह्यलो," नरहरराव समजूतदारपणे म्हणाले.

वकिलानं विचारलं, ही वस्तू आधी चारचौघांत दाखवली आहे का? नरहररावांनी बिलकुल नाही म्हणून सांगितलं. घरी आल्यावर रमाबाईंनी चौदा लग्नं बोटांवर मोजून दाखवली. नरहरराव म्हणाले, "रुखवत बायका पाहतात. कायद्याला चारचौघं म्हणजे चार पुरुष लागतात." यावर वामनरावांनी दुरुस्ती सुचवली नाही, म्हणजे ते बहुधा बरोबर असावं.

अर्जासोबत आकृत्या लागत. नीलाचा हात चांगला, तिनं सात काढल्या. आकृती एक पिशवी, आकृती दोन कापलेली पट्टी, तीन तापलेली कड. आकृती चार मुरड घालणारा हात. आईला समोर बसवून काढला होता, म्हणून मनगटावर दोन काचेच्या आणि एक पाटली आली. वकिलानं त्या खोडायला लावल्या. "बांगड्या शोधाचा भाग नाहीत," तो म्हणाला. नीलानं ब्लेडनं हलकेच खरवडल्या. आकृती चारमधला हात मग कोणाचाही झाला. नरहररावांनी त्याची झेरॉक्स फ्रेम करून बैठकीत लावली. पाहुणे विचारत, "हात कोणाचा?" आणि नरहरराव नम्रपणे खाली बघत.

वर्णन लिहिण्याआधी वकील म्हणाला की एकदा स्वतः करून बघा, म्हणजे पायऱ्या चुकायच्या नाहीत. त्या रविवारी नरहररावांनी आयुष्यात पहिल्यांदा उलथनं हातात घेतलं. पाकळी तापली, त्यांनी चिमटीत धरली आणि असे ओरडले की समोरच्या उषाबाई पोळपाट हातात घेऊन धावत आल्या. अंगठ्याला सुपारीएवढा फोड आला. वर्णनात मग लिहिलं गेलं, 'गरम कडा चिमट्याने धरून दुमडाव्यात.'

"चिमट्यानं धरली की पाकळी थंड पडते. तडकते," रमाबाई म्हणाल्या.

"तो तपशील झाला."

"अहो, कमळच होत नाही मंग."

"पेटंट कमळाचं नसतं, पद्धतीचं असतं," नरहरराव फुंकर मारत म्हणाले.

अर्ज गेला आणि त्याच आठवड्यात ओटा बंद झाला. गुपित बाहेर फुटलं तर अर्जाला धोका, म्हणून नरहररावांनी दाराला चटईचा पडदा लावला आणि बायकांना सांगितलं की रमेला पाठीचा त्रास आहे. बायकांना काय ते कळलं. उषाबाई हसून "पेटंटवाल्या काकू" म्हणायला लागल्या आणि मग तेवढंही म्हणेनाशा झाल्या. गोजरबाई दूध मापून पायरीवरूनच माघारी वळे. रमाबाईंनी कमळ करायचं नाही, शिकवायचं नाही, दाखवायचं नाही, असं ठरलं; म्हणजे नरहररावांनी ठरवलं. दुपारी तीनला त्या तांदूळ निवडायला घेत. काल निवडलेले तांदूळ आज पुन्हा. दोन वर्षांत त्या घरात भातात खडा सापडला नाही.

आणि परवा पेटंट कचेरीचं पत्र आलं. इंग्रजीत होतं, नीलानं वाचून सांगितलं. प्लास्टिक तापवून त्याची कड दुमडून जोडणं यात नवीन काही नाही. त्या कामात तयार असलेल्या कोणत्याही सर्वसाधारण माणसाला ते सहज सुचलं असतं. सबब आपलं म्हणणं काय ते कळवा, नाहीतर अर्ज नामंजूर.

"सहज!" नरहरराव तळमळले. "माझा अंगठा बघा म्हणावं." फोड बरा होऊन दोन वर्षं झाली होती. त्यांनी औरंगाबादला फोन लावला. वकिलाचं म्हणणं त्यांनी सगळ्यांना समजावून सांगितलं.

"तो सर्वसाधारण माणूस खरा नसतो. कायद्यानं मानलेला असतो. त्याला त्या कामातलं सगळं येतं. आधी कोणी काय केलं ते सगळं माहीत असतं. फक्त स्वतःचं डोकं चालवायची त्याला परवानगी नसते."

"म्हणजे सून," रमाबाई म्हणाल्या.

नीला इतकी हसली की तिला ठसका लागला. वामनरावांनी दुरुस्ती केली, "कायद्यात पुरुष धरलाय."

"चूक झाली असेल टायपिंगमध्ये."

वकिलाचा सल्ला असा होता की त्या कामात तयार असलेल्या एखाद्या माणसाकडून शपथपत्र आणा की, मला हे सुचलं नसतं. असा माणूस कुठून आणायचा, यावर भावाभावांचा अर्धा तास विचार झाला. मग वामनराव म्हणाले, "घरात आहेच की एक." दोघांनी वळून स्वयंपाकघराकडे पाहिलं. तर अशा रीतीनं तो स्टँपपेपर आज रमाबाईंच्या पुढ्यात आला होता.

"रमा, आता किती वेळा वाचशील?" नरहररावांचा आवाज खाली आला होता. "एक सही. तुझं जातंय काय त्यात?"

हाच प्रश्न रमाबाईंनी चौदा लग्नांच्या वेळी स्वतःला विचारला होता. तेव्हा उत्तर होतं, काही नाही. आज त्यांनी पुन्हा विचारून पाहिला. चिठ्ठीवर दुसऱ्याचं नाव असणं एक, आणि आपण होऊन लिहून देणं की मला सुचणं शक्यच नव्हतं, हे दुसरं. तेही शपथेवर. गीतेवर हात ठेवून की उलथन्यावर, एवढंच ठरायचं होतं.

"तुम्हाला खरंच वाटतं का हो, हे तुम्हाला सुचलं?" त्यांनी विचारलं.

नरहरराव फ्रेममधल्या हाताकडे बघत राहिले. "एकोणतीस वर्षं झाली खोक्यांवर दुसऱ्यांची नावं घालतोय," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी रिटायर होतो. एखाद्या कागदावर सरकारनं माझं नाव छापलं असतं, एवढंच."

रमाबाईंना वाईट वाटलं. खरंच वाटलं. नवऱ्याच्या विजारीच्या खिशातून त्यांनी एकोणतीस वर्षं खोक्यांवरच्या निळ्या शाईचे डाग धुऊन काढले होते. त्यांचा हात पेनाकडे गेला. वामनराव खुर्चीत सरसावून बसले. नीलानं पुस्तक मिटलं.

"दूध!" पायरीवरून हाक आली.

गोजरबाई होती. पातेलं घेऊन रमाबाई दारात गेल्या. पडद्याच्या फटीतून गोजरबाईला बैठकीतला तमाशा दिसला : मधोमध कागद, दोन बाजूंना दोन भाऊ.

"कोनाची वाटणी चाललीया, काकू?"

"वाटणी नाही. कमळाचं शपथपत्र आहे. मला ते सुचलंच नसतं असं लिहून द्यायचंय."

"रमा!" आतून नरहररावांनी आवाज दिला. "बाहेरच्या माणसासमोर कशाला!"

पण मग त्यांनाच काही सुचलं. ते स्वतः दारात आले. वकील म्हणालाच होता, एकापेक्षा दोन शपथपत्रं बरी. "गोजरबाई, तुम्ही सांगा. खरं सांगायचं. पिशवी तापवून अशी मुरडायची, हे तुम्हाला सुचलं असतं का?"

"आता सुचायचं काय त्यात, काका? करून राह्यले की मी. माझी सून करती. तिकडं बेबीनंदाचा तं धंदाच हाय त्यो."

"कसला धंदा?"

"कमळाचा. शहागडला फाट्यावर तिचं चहाचं हाटेल हाय न्हाई का, तिथं टांगती. ट्रकवाले घेत्यात, आरशाला बांधाया. एक सरदारजी तं दर खेपेला चार नेतो. म्हनतो, पंजाबात गेली तुझी कमळं." गोजरबाईनं माप बुडवलं, ओतलं आणि वरून जरा धार घातली. "सहा जनी बसत्यात आता तिच्याकडं. दुपारी तीनला. काकूंवानीच."

नरहरराव चौकट धरून उभे राहिले. "कधीपासून?"

"झाली की तीन वर्सं. तुम्ही पडदा लावला त्याच्या आधीपासून."

म्हणजे ज्या गुपितासाठी ओटा बंद झाला, तांदूळ दोनदा निवडले गेले, ते गुपित राष्ट्रीय महामार्गावरून पंजाबपर्यंत जाऊन आलं होतं. त्या अर्जामुळे अख्ख्या जगात कमळ करायचं थांबलेलं एकच माणूस होतं, आणि ते दारात दुधाचं पातेलं घेऊन उभं होतं.

"आणि ती कमळं कशानं मुरडतात?" नरहररावांनी शेवटचा प्रयत्न केला. "चिमट्यानं ना?"

"चिमट्यानं?" गोजरबाईनं त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू त्यांनी फावड्यानं कुंकू लावायचं म्हटलं होतं. "चिमट्यानं तडकतंय त्ये. बोटानं. करंजीची मुरड हाय ती, काका. कोनत्या बी बाईला इचारा."

ती किटली उचलून निघाली. चार पावलं गेल्यावर वळली. "काकू, पाठ कशी हाय?"

"बरी आहे," रमाबाई म्हणाल्या.

त्या आत आल्या. पातेलं ओट्यावर ठेवलं, गॅस लावला, दूध वर येईपर्यंत तिथंच उभ्या राहिल्या. बैठकीतून भावाभावांची कुजबुज ऐकू येत होती. वामनराव म्हणत होते की गोजरबाईचं बोलणं हे नुसतं बोलणं आहे, ते रेकॉर्डवर नाही. नरहरराव म्हणत होते की मग काय करू या. वामनराव म्हणत होते की सही असेल तर अजून काही बिघडलं नाही.

रमाबाई दुधाकडे बघत होत्या आणि त्यांच्या मनात एक साधीच गोष्ट येत होती, जी परवापासून यायला हवी होती. पत्रात जे नामंजूर करायचं म्हटलं होतं ते चिमट्याचं होतं. चिमट्याचं कमळ होतच नाही. जे होतं ते कोणत्या कागदावर कधी गेलंच नव्हतं. त्याला कोणी नाही म्हटलेलं नव्हतं. त्यांच्या घरातले दोघे सोडले तर.

त्यांनी गॅस बंद केला. बैठकीत आल्या, पेनाला टोपण घातलं आणि ते नरहररावांच्या खिशाला लावून दिलं. स्टँपपेपरची नीट चार घडी घातली. टीव्हीवरचं कमळ उचललं, क्रोशाच्या रुमालाखाली तो कागद सारला आणि कमळ पुन्हा वर ठेवलं. थोडं डुगडुगत होतं, आता बसलं.

"अगं, तो शंभराचा स्टँप आहे!" नरहरराव म्हणाले.

"वाया जाणार नाही. माझ्याकडे काही वाया जात नसतं," रमाबाई म्हणाल्या. "नीला, माळ्यावरून चटई काढ आणि झटक. तो दारावरचा पडदा पण सोड."

"आई, आत्ता?"

"आत्ता."

नीला उठली. वामनरावांनी घसा साफ केला. "रमाबाई, म्हणजे सही... उद्या?"

रमाबाईंनी पदर कमरेला खोचला.

"सही होणार नाही, भावजी. उद्याही नाही. उद्या तीनपासून ओट्यावर बायका बसतील आणि मी कमळ शिकवीन, येईल तिला. पाच वाजेपर्यंत आत कोणाला काही मिळणार नाही. चारचा चहा ज्याचा त्यानं करून घ्यायचा. साखरेचा डबा खालच्या फळीवर आहे."